ठाणे-नवी मुंबईत मेकॅनिकल इंजिनिअरिंग: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की थेट गणपतीपर्यंत हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही मुलांचे, बरेचसे पालकांचे. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. मी मुंबई विद्यापीठाचा मेकॅनिकलचा पदवीधर, सध्या रबाळे एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवतात तिथे, काम करतो. तेव्हा माझं माप कुठे झुकतंय ते वाचताना कळेलच. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे त्या बाबतीत सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका अंतिम समजा.

१. मेकॅनिकलमध्ये चार वर्षं नक्की शिकवतात काय? गाड्या दुरुस्त करायला?

गाड्या दुरुस्त करायला आयटीआयचा मोटार मेकॅनिक ट्रेड आहे आणि तिथला मुलगा ते काम तुमच्यापेक्षा सरस करेल. इथे पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच: गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, वर्कशॉप, थोडं प्रोग्रॅमिंग. खरी शाखा दुसऱ्या वर्षी सुरू होते. ताण दिल्यावर धातू कुठे वाकतो आणि कुठे तुटतो हे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये. उष्णतेतून काम किती काढता येतं आणि बाकीची का वाया जाते हे थर्मोडायनॅमिक्समध्ये. मग फ्लुइड मेकॅनिक्स, कायनेमॅटिक्स, उत्पादन प्रक्रिया, पुढे डायनॅमिक्स, एसी-रेफ्रिजरेशन आणि मशीन डिझाइन. मशीन डिझाइनला आधीचं सगळं एकत्र लागतं. दुसऱ्या वर्षात ज्याने ‘पास झालो ना’ म्हणून विषय सोडून दिले, त्याला तिसऱ्या वर्षी त्याची किंमत मोजावी लागते.

२. प्रवेशासाठी काय काय लागतं?

बारावी विज्ञान, फिजिक्स आणि गणितासह. ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला किमान ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव गटांना ४० टक्के. त्यासोबत एमएचटी-सीईटीचा पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) गट. पेपर २०० गुणांचा, त्यातले १०० एकट्या गणिताचे. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. काही जागा जेईई मेनच्या गुणांवर भरतात. डिप्लोमावाल्यांना सीईटी नसते, त्यांचं पुढच्या प्रश्नात.

३. दहावीनंतर डिप्लोमा बरा की अकरावी-बारावी-सीईटी?

वर्षं मोजली तर दोन्ही वाटा सारख्याच. बारावी करून डिग्री म्हणजे २ अधिक ४. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलं तर ३ अधिक ३. दहावीनंतर सहा वर्षांनी दोघंही पदवीधर.

फरक वेगळ्याच जागी आहे. डिप्लोमाच्या मुलाला तीन वर्षांनी हातात नोकरीलायक कागद असतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर ही मोठी गोष्ट आहे. शिवाय मशीनसमोर उभं राहायची सवय त्याला आधीच झालेली असते. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या टक्केवारीवर होतो, सीईटी लागत नाही. उलट बाजू म्हणजे गणित कच्चं राहतं (प्रश्न १२ पाहा). दहावीत ‘मला इंजिनिअरच व्हायचंय’ हे पक्कं असेल तर माझं मत डिप्लोमाकडे. अजून डॉक्टरकी, आर्किटेक्चर, सगळंच डोक्यात असेल तर बारावी करा.

४. ठाणे-नवी मुंबईतली कोणती कॉलेजं बघावीत?

नावं भरपूर आहेत. वाशीला फादर आग्नेल, ऐरोलीला दत्ता मेघे, कोपरखैरण्याला लोकमान्य टिळक, नेरुळला तेरणा, एसआयईएस आणि रामराव आदिक, खारघरला भारती विद्यापीठ आणि सरस्वती, नवीन पनवेलला पिल्लई, घोडबंदर रोडला ए. पी. शहा. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक वर्षी मेकॅनिकलच्या जागा असतीलच असं नाही. काही कॉलेजांनी त्या कमी करून कॉम्प्युटरच्या वाढवल्यात. रामराव आदिक आता डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात आहे, म्हणजे पदवी मुंबई विद्यापीठाची नाही. काही कॉलेजं स्वायत्त झाली आहेत. ती पेपर स्वतः काढतात, पदवी विद्यापीठाचीच असते. चांगले पर्सेंटाइल असतील तर माटुंग्याचं व्हीजेटीआय आणि अंधेरीचं सरदार पटेल यादीत वर असायलाच हवं, प्रवासाची कुरकुर न करता.

निवडताना चकचकीत प्रवेशद्वार बघू नका, वर्कशॉप बघा. लेथवर धूळ आहे की धातूचा ताजा बुरा, एवढं पुरतं. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा की युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन (धातू ताणून-दाबून तपासायचं) चालू आहे का आणि शेवटचा जॉब, म्हणजे वर्कशॉपमध्ये बनवायचा तुकडा, कधी केला. ‘सगळ्यांना प्लेसमेंट’ म्हणणाऱ्यांना विचारायचा प्रश्न एकच: त्यातल्या मेकॅनिकलच्या कंपन्या कुठल्या?

५. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फॉर्ममध्ये पसंतीक्रम कसा भरावा?

मनात जो क्रम आहे तोच. ‘हे मला मिळणारच नाही’ म्हणून चांगलं कॉलेज खाली टाकलं की नुकसान तुमचंच, कारण वरची पसंती न मिळाल्याने खालच्या पसंतीवरचा हक्क जात नाही. पण पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर जागा आपोआप गोठते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत खरोखर हवं तेच लिहा. शिक्षण शुल्कमाफीच्या जागेचा कोड वेगळा असतो, तो वेगळा भरावा लागतो (प्रश्न ७).

६. आम्ही आता कळव्याला राहतो, पण मुलीची बारावी नाशिकहून झाली. अडचण येईल?

थोडी येईल. होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून झाली त्यावर ठरते, राहत्या पत्त्यावर नाही. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात. नाशिक पुणे विद्यापीठात. त्यामुळे इथल्या संलग्न कॉलेजांत ती बाहेरच्या विद्यापीठाच्या, म्हणजे कमी जागांच्या गटात स्पर्धा करेल. दार बंद नाही, कट-ऑफ मात्र वेगळा असतो. मागच्या वर्षीच्या यादीत त्याच गटाचा आकडा बघा.

७. फी झेपणार नाही. सवलती कोणत्या?

पहिली अट लक्षात ठेवा: बहुतेक सगळ्या सवलती कॅपमधून मिळालेल्या जागेलाच आहेत. मॅनेजमेंट किंवा इन्स्टिट्यूट पातळीवर घेतलेल्या जागेला त्या मिळत नाहीत. पालक इथेच घाई करतात आणि मग वर्षभर हळहळतात.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या गटाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४ पासून पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या. याशिवाय प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा शुल्कमाफीच्या असतात. त्या गुणवत्तेवर जातात, आणि एकदा घेतली की कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, आणि तोही दरवर्षी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता ही कागदं निकालाची वाट न बघता मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रातली रांग काय असते ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको.

८. कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून मेकॅनिकल घेतलं. दुसऱ्या वर्षी शाखा बदलता येते का?

नियमात आहे, प्रत्यक्षात दुर्मीळ. दुसऱ्या वर्षी त्या शाखेत जागा रिकामी हवी आणि पहिल्या वर्षाचे गुण उत्तम हवेत. कॉम्प्युटरला जागा रिकामी राहत नाही, हीच तर मूळ अडचण. त्यापेक्षा मेकॅनिकलसोबत डेटा सायन्स, रोबोटिक्स असा ऑनर्स किंवा मायनर (जोडीचा जादा विषयगट) घ्या. साधारण १८ क्रेडिट जास्तीचे करावे लागतात आणि ते पदवीवर दिसतात. पण थर्मोचं नाव काढलं की पोटात गोळा येत असेल तर प्रवेशाआधीच दहा वेळा विचार करा. ‘चार वर्षं कशीबशी काढू’ म्हणणाऱ्यांची पाच होतात.

९. ड्रॉइंग अजिबात डोक्यात शिरत नाही. काय करू?

कागदावरच बघत बसलात तर शिरणारही नाही. अंघोळीच्या साबणाची नवी वडी घ्या, चाकूने एक कोपरा तिरका कापा, मधे खाच पाडा. आता ती डोळ्यासमोर धरून समोरून, वरून आणि बाजूने काय दिसतं ते काढा. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत आहे: वरून दिसणारं चित्र खाली येतं आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. इथेच निम्मे गोंधळतात, कारण इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकन थर्ड अँगलचे असतात. व्हिडिओ सुरू करण्यापूर्वी कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह बघून घ्या.

शीट सीनियरची ट्रेस मारून सबमिशन होतं, परीक्षा होत नाही. ऑटोकॅडनेही सुटका नाही. काय काढायचं ते सॉफ्टवेअर सांगत नाही.

१०. वर्कशॉपमध्ये कानस घासत बसण्याचा आजच्या काळात उपयोग काय? सगळं सीएनसीवरच (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरच) होतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. फिटिंगच्या जॉबमध्ये माइल्ड स्टीलच्या दोन पट्ट्या मिळतात, एकीत व्ही आकाराची खाच आणि दुसरीवर त्यात बसणारं टोक करायचं. व्हाइसमध्ये पट्टी धरून कानस मारता, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरता, तर पट्टी आणि पात्याच्या मधून प्रकाशाची बारीक रेघ दिसते. जिथे रेघ, तिथे खड्डा. म्हणजे आता बाकीचा सगळा भाग तिथपर्यंत खाली आणायचा. खांदे भरून येतात. पण एक दशांश मिलिमीटर म्हणजे नक्की किती, हे तुमच्या हाताला त्या दिवशी कळतं. पुढे डिझाइनला बसलात की कुठल्याही मापावर उगाच ०.०१ ची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) टाकून कारखान्याचा खर्च वाढवणार नाही.

सीएनसी मशीनलाही जॉब पकडायचा कसा, टूल कुठून आणायचं, हे सांगणारा माणूसच असतो. आमच्याकडे नवीन पोरगा आला की आधी व्हर्नियर हातात देतात. ०.०२ मिमी लीस्ट काउंटचं रीडिंग नीट घेता आलं नाही तर त्याच्या सीजीपीएचं पुढे कोणी विचारत नाही.

११. मराठी माध्यमातून आलोय. इंग्रजीत जमेल का?

जमतं. पहिलं सत्र जड जातं, व्याख्यान डोक्यावरून जातं, मग शब्द ओळखीचे होतात. तांत्रिक शब्द मुळात सगळ्यांनाच नवीन असतात. टॉर्शन म्हणजे काय ते कॉन्व्हेंटच्या मुलालाही माहीत नसतं. संकल्पना मनात मराठीतच सोडवा, उत्तर छोट्या वाक्यांत इंग्रजीत लिहा, आकृती मोठी आणि नावं घालून काढा. खरी अडचण ओरलला येते, कारण येत असूनही तोंड उघडत नाही. मित्राला रोज एक व्याख्या इंग्रजीत म्हणून दाखवा. हसला तर हसू दे.

१२. डिप्लोमा करून दुसऱ्या वर्षाला आलो आणि एम-थ्रीला (तिसऱ्या सत्राच्या गणिताला) उडालो. असं का होतं?

कारण लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फूरिये सिरीज यायच्या आधी इंटिग्रेशन हातात बसलेलं असावं लागतं, आणि बारावी-पहिल्या वर्षाच्या मुलांची त्यात डिप्लोमापेक्षा बरीच जास्त घासाई झालेली असते. शिवाय थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश उशिरा होतात, तोवर वर्गात दोन-तीन धडे होऊन गेलेले असतात. उपाय साधा आहे: डिप्लोमाचा शेवटचा पेपर झाल्यापासून प्रवेश मिळेपर्यंतच्या सुट्टीत अर्धवट आठवणारं इंटिग्रेशन, विशेषतः बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन, पक्कं करून टाका. प्रॅक्टिकल विषयांत तुम्ही वर्गाच्या पुढेच असता, तेवढा वेळ गणिताला द्या.

१३. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर वर्ष जातं का?

एखाद्या केटीने लगेच जात नाही, एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय सोबत घेऊन, पुढे जाता येतं. वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा: पहिल्या दोन सत्रांचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सत्रात, आणि तिसऱ्या-चौथ्याचे सुटल्याशिवाय सातव्या सत्रात प्रवेश नाही. डिप्लोमावाल्यांना पहिलं वर्षच नसल्याने त्यांचा अडसर थेट सातव्या सत्राचा. स्वायत्त कॉलेजांचे नियम त्यांचे त्यांचे, परीक्षा विभागात विचारा. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ‘सध्या एकही केटी नको’ म्हणतात, सुटलेली केटी चालवून घेतात.

१४. मुलीला मेकॅनिकलला घालावं का? नातेवाईक नको म्हणतात.

नातेवाईकांना परीक्षेला बसायचं नाहीये. वर्गात मुली कमी असतात, हे खरं. काम झेपत नाही, हे खरं नाही. जड उचलायला क्रेन असते. डिझाइन, क्वालिटी, प्लॅनिंग, एचव्हीएसी (वातानुकूलन आणि हवा खेळती ठेवणं) इथे मुली मोठ्या संख्येने आहेत, शॉप फ्लोअरवर अजून कमी. नोकरी घेताना बघायची गोष्ट म्हणजे शिफ्ट संपल्यावर घरी पोचवायची सोय आणि आवारात नीट स्वच्छतागृह. लहान युनिटमध्ये याबाबत अजूनही आनंदच आहे, तेव्हा मुलाखतीत बेधडक विचारा.

१५. ठाणे स्टेशनजवळच्या क्लासमध्ये कॅड-कॅमचा (संगणकावर डिझाइन-उत्पादनाचा) कोर्स करू का?

दुसऱ्या वर्षापर्यंत नको. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, सुरुवात घरीच होते. कुठलंही एक थ्री-डी सॉफ्टवेअर नीट आलं की दुसरं पटकन येतं. ‘सर्टिफिकेट आणि शंभर टक्के जॉब’ असं म्हणत हप्ते बांधून देणाऱ्यांपासून चार हात लांब.

१६. बाहाच्या (गाडी बांधायच्या स्पर्धेच्या) टीममध्ये गेलं तर अभ्यास बुडतो म्हणतात.

बुडतो. तरीही जा. एसएई इंडियाच्या बाहा स्पर्धेत एका ठरलेल्या छोट्या इंजिनवर चालणारी, खड्ड्यांतून धावणारी एकआसनी गाडी मुलं स्वतः बांधतात. वेल्ड तुटणं, व्हेंडरने पार्ट उशिरा देणं, बजेट संपणं, हे सगळं तिथेच शिकायला मिळतं. फक्त फोटोपुरते टी-शर्ट घालणाऱ्यांत राहू नका. एक काम आपलं घ्या, सस्पेन्शन म्हणा, ब्रेक म्हणा, आणि त्याची आकडेमोड पाठ नको, समजलेली असू द्या. मुलाखतीत तेच विचारतात.

१७. ओळख नसताना एमआयडीसीत इंटर्नशिप कशी मिळवायची?

या पट्ट्यातल्या मुलांचं नशीब असं की कारखाने दारातच आहेत. ठाण्याला वागळे इस्टेट, दिघ्यापासून तुर्भ्याच्या पुढपर्यंत टीटीसी औद्योगिक पट्टा, पलीकडे तळोजा. तरी मुलं घरबसल्या ऑनलाइन इंटर्नशिपचं प्रमाणपत्र विकत घेतात, याला काय म्हणावं!

कॉलेजचं पत्र, एका पानाचा बायोडेटा आणि पायात बूट, एवढं घेऊन ट्रान्स-हार्बरने रबाळे किंवा कोपरखैरण्याला उतरा. मोठ्या कंपनीच्या गेटवर वॉचमनच परत पाठवेल. पंचवीस-तीस माणसांची टूलरूम, गिअर कटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला, फिक्स्चर बनवणारा अशी दारं ठोठवा. मालक बहुतेक वेळा आतच असतो. ‘पगार नको, मशीनवर उभं राहू द्या’ म्हणालात की दहातले दोन हो म्हणतात. दोन पुरे. तिथे गेल्यावर रोज एका जॉबचा माग काढा: कच्चा माल, ड्रॉइंग, सेटिंग, तपासणी, रिजेक्शन. पदवीनंतरची एक वर्षाची अधिकृत अ‍ॅप्रेंटिसशिप ही वेगळी, विद्यावेतनासह असलेली गोष्ट. ती केंद्राच्या एनएटीएस या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर, आपल्या भागासाठी सायनच्या बीओएटी (अ‍ॅप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळ) कार्यालयामार्फत.

१८. खरं सांगा, मेकॅनिकलला नोकऱ्या आहेत का?

आहेत, पण सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रापेक्षा बहुतेकदा कमी. तीन-चार वर्षं हात काळे केले की चित्र बदलतं, ज्यांना काम येतं त्यांच्यासाठी. कॅम्पसमधून बरीच मुलं आयटीत जातात, त्यातही गैर काही नाही.

एक गोष्ट मात्र मुलांच्या लक्षात येत नाही. ऐरोली, रबाळे, महापे भागात डेटा सेंटरं उभी राहिलीत. लोक म्हणतात ही कॉम्प्युटरवाल्यांची कामं. आत जाऊन बघा: सर्व्हरची उष्णता बाहेर काढणारे चिलर, पंप, कूलिंग टॉवर, पाइपिंग, डिझेल जनरेटर, हे सगळं चालवायला मेकॅनिकलचा माणूस लागतो. रेफ्रिजरेशनचा विषय जो ‘सोपा’ म्हणून मुलं उरकतात, तोच इथे पोट भरतो. उरणकडे बंदर आहे, पलीकडे विमानतळ सुरू झालाय. क्रेन, कन्व्हेयर, एचव्हीएसी यांची देखभाल तिथेही आहेच.

१९. कोअर (मेकॅनिकलच्याच कामाच्या) कंपनीच्या मुलाखतीत काय विचारतात?

साधंच, आणि साध्यावरच मुलं पडतात. माइल्ड स्टीलचा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख काढून प्रत्येक बिंदूचा अर्थ. ओटो आणि डिझेल सायकलमधला फरक. आमच्याकडचा आवडता प्रश्न: २५ मिमीचं एच७ भोक आणि जी६ शाफ्ट, फिट कसला? एच७ म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१. जी६ शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. म्हणजे कमीत कमी ७ मायक्रॉन, जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन फट. शाफ्ट मोकळा सरकणार, पण खडखडणार नाही. आकडे पाठ नसले तरी चालतं, तक्ता समोर दिला तर वाचता यायला हवा.

२०. गेट द्यायची का? सरकारी नोकरीत मेकॅनिकलला काय आहे?

गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते. १०० गुण, ६५ प्रश्न, तीन तास. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांना उणे गुण आहेत, आकडा लिहायच्या प्रश्नांना नाहीत. कॅल्क्युलेटर पडद्यावरचाच वापरावा लागतो, तेव्हा सराव त्यावरच करा. स्कोअर तीन वर्षं चालतो: आयआयटीत एमटेकला आणि काही सरकारी कंपन्यांना. वाशी पुलापलीकडच्या बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) प्रशिक्षण शाळेलाही तो चालतो, मात्र पदवीला किमान ६० टक्के हवेत.

यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेत मेकॅनिकल आहे, रेल्वेत आहे. एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षक होता येतं. त्याला मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलच्या शिक्षणासोबत वाहन चालवण्याचा परवाना लागतो. अभ्यासात पुढे असलेले कित्येक जण ऐन वेळी त्या परवान्यापायी अडकतात.

२१. बीएस्सी झालंय. आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसता येईल?

येतं, बारावीला गणित असेल आणि पदवीला ४५ टक्के असतील तर. राखीव गटांना ४०. मात्र पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे दोन विषय सोबत सोडवावे लागतात. ड्रॉइंगसाठी प्रश्न ९, केटीच्या हिशोबासाठी प्रश्न १३.

२२. मेकॅनिकल करून मर्चंट नेव्हीत जाता येतं का? नेरुळचं चाणक्य त्यासाठीच ना?

नाही, टी. एस. चाणक्य डेकच्या बाजूचं, म्हणजे जहाज हाकण्याच्या शास्त्राचं (नॉटिकल सायन्स). इंजिन रूमकडे जायचं तर मेकॅनिकलच्या पदवीनंतर डी. जी. शिपिंगमान्य (केंद्राच्या जहाज वाहतूक खात्याने मान्य केलेला) ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स करावा लागतो. त्यात दोन अटींवर मुलं अडतात. दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के हवेत, आणि रंगांधळेपणा चालत नाही. दुसरी गोष्ट पुष्कळांना स्वतःबद्दल माहीतच नसते. एजंटला एक रुपया देण्याआधी डी. जी. शिपिंगमान्य डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या.